पोटच्या पोराविरुद्ध

पोरगा बद्री जिना कसा चढतो यावरून त्सियालाला सगळं कळायचं. पाय झपझप वर आले तर दिवस बरा गेलेला असायचा. एकेका पायरीवर रेंगाळत, कठड्याला धरून आले, की ती चुलीवरचा मक्याचा घाटा घाईघाईनं ताटात ओतायची, वर चीजचे तुकडे खोचायची, नातीला, नुत्साला, शेजारच्या जुजुनाकडे पिटाळायची आणि सुनेला डोळ्यांनी खुणवायची, आज तोंड उघडू नकोस.

जिना संगमरवरी होता. एके काळी त्स्कालतुबोच्या या आरोग्यधामात बडे बडे साहेब सांधेदुखीवर गरम पाण्याचे उपचार घ्यायला यायचे. मग युद्ध झालं, सुखुमी शहर शत्रूच्या हाती पडलं, आणि समुद्रकाठच्या गावांतून जीव मुठीत धरून पळालेली माणसं सरकारनं इथं आणून कोंबली. थोड्या दिवसांसाठी, असं तेव्हा म्हणाले होते. त्या थोड्या दिवसांत पोरं जन्मली, शाळेत गेली, त्यांना मिसरुडं फुटली. जमिनीच्या लाकडी पट्ट्या पहिल्याच हिवाळ्यात चुलीत गेल्या. एका खोलीत एक कुटुंब, मध्ये कपाट उभं केलं की त्याच दोन खोल्या. भिंती अशा, की पलीकडच्यानं उसासा टाकला तर अलीकडच्यानं काय झालं म्हणून विचारावं.

पण विचारायचं नसतं. कुणाच्या घरात 'सुरू झालं' की बाकीचे टीव्हीचा आवाज वाढवत. आधी एका दारामागून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. थोड्याच वेळात अख्ख्या मजल्यावर एकच बातम्यावाला बोंबलत असे. याला तिथं सभ्यपणा म्हणत.

बद्री वाईट आहे असं मात्र कुणी म्हणत नसे. उलट त्याचं नाव निघालं की लोक त्या घाटाची गोष्ट सांगत. सुखुमीहून पळताना शरदातच बर्फ पडलं. डोंगरघाटात म्हातारीकोतारी बसल्या जागी गारठून मेली. त्सियालाच्या पायातले जोडे फाटले, बोटं काळी पडायला लागली. तेव्हा मिशीही धड न आलेल्या बद्रीनं तिला पाठीवर घेतलं आणि घाट उतरून खाली आणलं. "असा मुलगा देव सगळ्यांना देवो," जुजुना म्हणायची. त्सियाला मान हलवायची. तिच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती, बाकीची ती सगळी त्याच्यामुळेच जिवंत होती.

खाली आल्यावर मात्र त्याला काही धरताच आलं नाही. गावी तो बापाबरोबर संत्र्यांच्या बागा बघायचा. इथं बागही नाही, बापही नाही. बाप वारलाम लढाईच्या दुसऱ्या वर्षी मारला गेला होता. थोडे दिवस बद्रीनं विटा वाहिल्या, थोडे दिवस ट्रक चालवला, मग अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली सोंगट्या खेळत बसू लागला. घर चालवायची इंगा. इंगा त्याची बायको, तीही गाग्राहून पळालेल्यांतलीच. त्सियाला लाल मिरची, लसूण, अक्रोड, कोथिंबिरीच्या बिया वाटून अजिका करायची, आणि इंगा सकाळच्या मिनीबसनं ती कुताइसीच्या बाजारात नेऊन विकायची. हात चालायचे तिचे, तोंडही चालायचं. गिऱ्हाईक म्हणालं, "तिखट फार आहे," की ही म्हणायची, "मग मुरांबा घ्या, ताई, तो पलीकडे मिळतो."

घरी आल्यावर ते तोंड मिटायचं.

त्या फेब्रुवारीत कुताइसीच्या रस्त्यावर बस बंद पडली आणि इंगाला यायला उशीर झाला. ड्रायव्हरनं बायकांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं, इंगाला पुढची, त्या गाडीच्या ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली. एवढंच. पण अंगणातल्या कुणीतरी बद्रीला सांगितलं, "तुझी राणी आज पुढच्या सीटवरून आली."

त्सियालानं जिन्यावरचे पाय ऐकले. तिनं घाटा ओतला, नुत्साला पिटाळलं, डोळ्यांनी खुणवलं. या वेळी कशाचाच उपयोग झाला नाही. ती मध्ये पडली तेव्हा बद्रीनं तिला दोन्ही खांद्यांना धरून, अगदी हळू, पलंगावर नेऊन बसवलं. आईवर त्यानं कधी हात टाकला नव्हता. मग तो वळला. मजल्यावर एकामागून एक टीव्हींचे आवाज चढत गेले.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडल्यावर त्सियाला सुनेचं मनगट शेकत बसली होती. सूज कोपरापर्यंत चढली होती.

"उलट बोलत जाऊ नकोस गं," ती म्हणाली. "पुरुषाचा राग दुधासारखा. उतू जातो, मग खाली बसतो." हे वाक्य तिला तिच्या सासूनं ऐकवलं होतं, ह्याच शब्दांत.

इंगानं भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, एक विचारू? मामंजी तुम्हाला मारायचे?"

भिंतीवर वारलामचा फोटो होता, काळी फीत लावलेला. देखणा माणूस. पंचक्रोशीत कुठेही पंगत बसली की त्यालाच मानाच्या जागी बसवून चषक उचलायला लावत, त्याचं गाणं ऐकायला डोंगरापलीकडून लोक येत.

"छे!" त्सियाला म्हणाली. "बोट लावलं नाही कधी. देवमाणूस होता."

इंगानं मान हलवली. "तेच म्हणते मी. घराणं चांगलं, बाप चांगला, तुम्ही चांगल्या. बद्रीनं तुम्हाला पाठीवरून आणलं. सगळ्यांशी चांगला वागतो तो. म्हणजे खोट माझ्यातच असणार. मी सोडून दुसऱ्या कुणाशी लग्न झालं असतं तर हा असा झाला नसता."

हे ती रडून नाही बोलली. बाजारात भाव सांगावा तसं बोलली. त्सियालाच्या हातातलं फडकं गार झालं तरी तिला ते बदलायचं सुचेना.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. मिरच्या वाटताना हात थांबायचा. सुनेला खरं सांगावं असं दहादा तोंडाशी आलं, दहादा गिळलं. मेलेल्या नवऱ्याबद्दल बोलायचं म्हणजे नुसतं त्याच्याबद्दल थोडंच असतं? घर गेलं, बाग गेली, गाव गेलं. एक चांगलं नाव तेवढं घाट उतरून बरोबर आलं होतं.

मार्चमध्ये वारलामची पुण्यतिथी आली. खोलीत माणसं मावेनात म्हणून टेबल बाहेर मोठ्या मार्गिकेत मांडलं. दुपारची वेळ, खिडक्यांतून ऊन आत आलेलं. अक्रोडाच्या रश्शातली कोंबडी, भाजलेले मासे, घाटा, चीज, बद्रीनं कुठूनतरी मिळवलेली लाल दारू. टेबलाच्या टोकाला फोटो, त्याच्यापुढं भरलेला पेला. वारलामचा जुना मित्र ओतार मानाच्या जागी बसला. त्याचे केस पिकले होते, आवाज मात्र अजून खणखणीत होता.

"वारलाम!" त्यानं पेला उचलला. "असा गडी पुन्हा होणे नाही. गायला लागला की नदी थांबायची."

"माझा बाप," बद्री उभा राहिला, डोळे पाण्यानं भरलेले, "बाहेर सिंह आणि घरात कोकरू. घरात त्याचा आवाज कधी चढला नाही."

"खरंय, खरंय," पुरुष म्हणाले आणि प्याले.

इंगा वाढत होती. एका हातानंच, कारण दुसरा अजून धड वळत नव्हता. दारूचा जड मातीचा चंबू तिनं डाव्या हातानं उचलला, तो लवंडला. लाल ओघळ टेबलावरून फोटोपर्यंत गेला.

कुणी काही बोलायच्या आत बद्रीनं तिच्या तोंडात मारली. सगळ्यांसमोर. ती भिंतीवर आदळली, तर त्यानं तिचं दुखरं मनगट धरून तिला पुन्हा उभं केलं.

पुरुषांनी ताटात बघितलं. या वेळी वाढवायला टीव्ही जवळ नव्हता.

"बद्री, बस बाबा," ओतार म्हणाला. "पुण्यतिथीच्या दिवशी नको. आणि इंगा, पोरी, तू मनावर घेऊ नकोस. युद्धानं आमच्या पोरांचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. तू समजून घ्यायचं."

त्सियालानं डोईचा काळा रुमाल सोडला. दोन पुरुष भिडले, सुऱ्या बाहेर आल्या, तरी बाईनं मध्ये रुमाल टाकला की हात खाली आलेच पाहिजेत, ही त्यांच्याकडची पूर्वापार रीत. तिनं तो बद्री आणि इंगाच्या मध्ये फरशीवर टाकला. तिचे पांढरे विरळ केस कुणी कधी उघडे बघितले नव्हते. जुजुनानं तोंडावर हात ठेवला.

बद्रीनं खाली पाहिलं.

"हा दोन मर्दांच्या मध्ये टाकतात, आई," तो म्हणाला. "ही माझी बायको आहे." आणि तो रुमाल ओलांडून पुढे झाला.

"युद्धानं नाही," त्सियाला म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की ओतारनं कानामागे हात धरला. "काय म्हणालात, वहिनी?"

"युद्धानं नाही केलं हे. मला ह्यानं मारलं," तिनं फोटोकडे बोट दाखवलं. "बाग होती तेव्हा मारलं. गोठ्यात गाई होत्या, दारात गाडी होती, तेव्हा मारलं. कुठलं युद्ध होतं तेव्हा, ओतार? टॉवेल ओला करून पिळायचा आणि त्यानं मारायचा, वळ उठत नाहीत म्हणून. तू रविवारी आमच्याकडे गायला यायचास. माझा उजवा कान ऐकत नाही, तो काय म्हातारपणानं, असं वाटलं तुला? आणि हा," ती बद्रीकडे वळली, "हा टेबलाखाली बसून बघायचा. एवढासा होता. कानांवर हात ठेवून बसायचा."

बद्रीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

"आई, गप्प बस. मेलेल्या माणसाबद्दल…"

"मेला तो लढून मेला. त्याबद्दल पेला उचला. घरात कोकरू होता म्हणून उचलू नका."

"मी तुला पाठीवर घेऊन आलो!" तो ओरडला. ओरडणं कसलं, फुटलाच तो. "बर्फातून! तुझ्यासाठी! आणि तू सगळ्यांसमोर…"

"आणलंस," त्सियाला म्हणाली. "मरेपर्यंत विसरणार नाही. पण ते माझ्यावर आहे ना, बाळा? मग माझ्याकडून वसूल कर. तिच्याकडून कशाला करतोस? ती त्या घाटात आपल्याबरोबर नव्हतीसुद्धा."

त्यानं इंगाचा हात सोडला. एक क्षण वाटलं, खाली बसेल. पण त्यानं टेबलावरची ताटं हातानं झाडून फरशीवर पाडली आणि पुन्हा बायकोकडे निघाला. आता मात्र ओतार आणि आणखी एकानं त्याला धरलं.

"जुजुना, तुझा फोन दे," त्सियाला म्हणाली.

"कुणाला करतेस?"

"पोलिसांना."

"वेड लागलं का तुला? पोटचा पोर आहे तो!"

"म्हणून तर मी करते. दुसरीचा असता तर तू टीव्ही मोठा केला असतास. मीही केला असता."

जुजुनानं फोन दिला. देताना तिनं तोंड फिरवलं. रागानं की कशानं, तिलाच ठाऊक.

पोलीस आला तो पोरगेलासा होता, याच इमेरेती भागातला, गोड बोलणारा. त्यानं इंगाकडे बघितलं, बद्रीकडे बघितलं आणि त्सियालाला बाजूला घेतलं.

"मावशी, तुमचाच मुलगा आहे. घरचं भांडण घरातच बरं. मी त्याला खाली नेतो, दोघं एकेक सिगारेट ओढतो, होईल शांत."

"बाळा, नवा कायदा झालाय म्हणे. असल्या माणसाला घरापासून लांब ठेवायचा. टीव्हीवर सांगत होते. आमच्याकडे टीव्ही फार मोठ्यानं लागतो."

पोलिसानं डोकं खाजवलं. "तक्रार कोण देणार? सूनबाई देणार का?"

इंगा भिंतीला टेकून उभी होती. ओठ सुजलेला.

"मी देते," त्सियाला म्हणाली. "मी पाहिलंय. आजचंही आणि आधीचंही. लिही."

तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. निम्मं झाल्यावर इंगा पुढे आली. "ती बसची गोष्ट मी सांगते," ती म्हणाली. "आईंना ती नीट माहीत नाही." आणि तिनं बोलायला सुरुवात केली, बाजारातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून.

बद्रीला महिनाभर त्या इमारतीत पाऊल ठेवायला बंदी झाली. तो गावाबाहेर एका मित्राकडे राहायला गेला.

मजल्यानं मात्र शिक्षा त्सियालाला दिली. सकाळी पाण्याच्या नळावर ती आली की बायका बादल्या उचलायच्या. "आईचं दूध आटलं म्हणायचं," कुणीतरी तिला ऐकू जाईल असं बोलायचं. ओतार तर समोरून आला की वाट बदलायचा. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती. एकदा मात्र तळमजल्यावरची एक तरुण बाई मीठ मागायला आली. तिच्याकडे मीठ असावं, कारण मागितलेलं मीठ ती तिथंच विसरून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "काकू, ओल्या टॉवेलचं खरं आहे. माझा भाऊ पण तेच करतो."

बंदी संपायच्या आधीच एका दुपारी जिन्यावर पाय वाजले. एकेक पायरी, रेंगाळत. त्सियालानं कडी लावली. इंगा आणि तिनं मिळून कपाट दाराशी ढकललं, कडीची बाजू तेवढी मोकळी राहिली. नुत्सा पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली.

आधी लाथा बसल्या. कडीचा एक खिळा उचकटून बाहेर आला, त्सियालानं अंगठ्यानं दाबून धरला. "इंगा, बाहेर ये! मी काही करत नाही, फक्त बोलायचंय!" मग शिव्या. मग शांतता. दाराच्या फटीतून त्याचा श्वास ऐकू येत होता.

आणि मग त्यानं हाक मारली, "आई." घाटात, बर्फात ती झोपायला लागली की हाक मारायचा, त्याच आवाजात. "आई, मी कुठं जाऊ? मला कुठं जागा आहे?"

त्सियालानं कपाळ कपाटाला टेकवलं. तिचा हात आपोआप कडीकडे गेला. इंगानं तो पाहिला, पण धरला नाही. नुसती बघत राहिली, जणू हे आता हिनंच ठरवायचंय.

"बद्री," त्सियाला आतून म्हणाली, "मी दार उघडणार नाही. रडू आलं तर रड. मी इथंच बसलेय."

तो रडला. ती आत बसून राहिली, पाठ कपाटाला लावून. पोलिसांची गाडी यायला संध्याकाळ झाली. त्यांना फोन कुणी केला हे कळलं नाही. त्सियालानं केला नव्हता.

त्यानंतर बद्री पोतीला बंदरावर हमालीला गेला. इंगानं घटस्फोट घेतला, बाजारात बसायची जागा घेतली, सासूला सोडून मात्र गेली नाही. लोकांनी विचारलं, तर म्हणायची, "अजिका कोण वाटणार मग?" मनगट तिचं थोडं वाकडंच राहिलं.

दीड वर्षानं, पुन्हा बोलू लागलेल्या ओतारकडून कळलं, बद्री पोतीत एका बाईबरोबर राहतो. लिआना नाव, बंदरावरच्या खाणावळीत स्वयंपाक करते. त्सियालानं ऐकून घेतलं. आठवडाभर ती चिडचिडी होती. मग एका सकाळी अजिकाची बरणी पिशवीत घातली आणि पोतीच्या मिनीबसमध्ये बसली.

लिआना जाडजूड, हसरी बाई. सासू आली म्हणून तिला काय करू नि काय नको असं झालं. बद्री कामावर होता. तिनं कॉफी ठेवली, चीजची भाकरी भाजायला घेतली. त्सियालानं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. वारलामचं, टॉवेलचं, इंगाच्या मनगटाचं, दाराचं.

लिआनाचं हसू मावळलं. कॉफी उतू गेली तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"माझ्याशी तो फार चांगला वागतो," ती म्हणाली.

"वागत असेल. पहिली दोन वर्षं वारलामही माझ्या पायात काटा बोचू देत नव्हता."

"तुम्ही आई आहात का वैरीण? मुलाचं सुखाचं चाललंय ते बघवत नाही?"

"बघायला आवडेल," त्सियाला म्हणाली. "म्हणून आले. इंगानं मला विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोलले, आणि ती स्वतःलाच दोष देत बसली. तुला दोष द्यावासा वाटला तर एवढं लक्षात ठेव, की हे तुझ्या आधीपासूनचं आहे. आमच्याकडे एक पलंग रिकामा असतो. कधीही ये."

लिआनानं तिला बसपर्यंतही सोडलं नाही. बद्रीनं आईशी बोलणं टाकलं, ते वर्षभर.

पुढच्या ईस्टरला तो कुताइसीच्या बसस्थानकावर भेटला. घरी यायचं नाही हे ठरलेलंच होतं. त्सियालानं लाल रंगवलेली अंडी आणि गोड पाव आणला होता. बाकावर बसून दोघांनी खाल्लं. केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे.

"लिआना कशी आहे?"

"बरी आहे."

"आणि हात?"

त्याला कळलं. त्यानं अंड्याचं टरफल बराच वेळ सोललं. "एकदा उचलला," तो म्हणाला. "ती उठली, दार उघडलं आणि चप्पल पायात घातली. म्हणाली, तुझ्या आईनं मला पत्ता दिलाय. मी हात खाली घेतला."

"मग?"

"मग काही नाही. जेवलो."

खरं सांगतोय की आईला बरं वाटावं म्हणून, हे त्सियालाला त्याच्या तोंडावरून ठरवता आलं नाही. तिनं उरलेला पाव कागदात बांधून त्याच्या खिशात कोंबला. बस सुटली. ती स्थानकावरून सरळ बाजारात गेली. सणामुळे गर्दी होती आणि इंगा एकटीच होती.